लिनक्स आणि टोपलीखालचं मांजर

मंडळी, श्राद्धातल्या मांजराची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. एका घरात आजीने पाळलेलं मांजर होतं. श्राद्धाच्या दिवशी ते खिरीत तोंड घालायचं, म्हणून स्वयंपाक सुरू झाला की आजी त्याला टोपलीखाली झाकून ठेवायची. पुढे आजी गेली, पाठोपाठ मांजरही गेलं. पुढच्या श्राद्धाला सगळी तयारी झाली आणि सूनबाईंच्या लक्षात आलं, की टोपलीखाली मांजर नाही! मग काय, शेजारून एक मांजर मागून आणलं, टोपलीखाली झाकलं, आणि श्राद्ध यथासांग पार पडलं.

लिनक्स बसवायला निघालेल्या नवख्या माणसाला जे सल्ले मिळतात, त्यातले निम्मे या मांजरासारखे असतात. कधीकाळी त्यांना सज्जड कारण होतं. कारण गेलं, सल्ला राहिला. पण गंमत अशी की उरलेल्या निम्म्यांचं मांजर अजून जिवंत आहे, आणि नवखा माणूस नेमकं तेच मोकळं सोडतो. कुठलं मांजर जिवंत आणि कुठलं मेलेलं हे कळायला थोडा इतिहास लागतो. आजचा लेख त्याबद्दल.

विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या रत्नागिरीत यात न बसणारे संगणक घरोघरी आहेत. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत नोकरीला, त्यांनी आईबाबांना आठ-दहा वर्षांपूर्वी घेऊन दिलेला लॅपटॉप. त्यात आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, जमिनीचे स्कॅन केलेले कागद, नातवाच्या बारशाचे फोटो, आणि बाबांनी निवृत्तीनंतर टाइप करायला घेतलेल्या आठवणी. यंत्र ठणठणीत आहे. दुकानदार म्हणतो, आता हे भंगार, नवीन घ्या. तुम्ही आयटीत आहात म्हटल्यावर घरून फोन तुम्हालाच येणार. तेव्हा तयार राहिलेलं बरं.

सीडी मासिकासोबत यायची

थोडं मागे जाऊ. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो ग्नू जीपीएल परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची अवजारं तोवर तयार होत आली होती. दोन्ही मिळून एक चालती ऑपरेटिंग सिस्टिम झाली. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. आपल्याकडे ती आली कशी, हा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही.

विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेही सुरुवातीला मोजक्या महानगरांत. आता एक साधा हिशोब करा. एक सीडी म्हणजे ६५० मेगाबाइट. ५६ के चा मोडेम पूर्ण वेगाने चालला, लाइन एकदाही तुटली नाही असं धरलं, तरी एक सीडी उतरवायला २७ तास लागतात. ५६ के चे मोडेम १९९५ मध्ये नव्हतेच, ते आले १९९७-९८ च्या सुमारास. आणि आमच्याकडची टेलिफोनची लाइन पावसाळ्यात सलग २७ तास टिकणं म्हणजे... असो :-)

म्हणजे "फुकट" असलेलं लिनक्स प्रत्यक्षात मिळणं महाग होतं. ही कोंडी फोडली एका मासिकाने. पीसी क्वेस्टने १९९६ मध्ये अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली. त्यामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावात, आणि पुढचं सगळं काम बंगळूरला. नंतर वर्षातून एकदा सीडी द्यायचा प्रघातच पडला आणि 'पीसीक्यू लिनक्स' नावाची मासिकाची स्वतःची आवृत्ती निघू लागली. पुढे याच चिटणीसांनी २००१ पासून लिनक्स बंगलोर नावाचं संमेलन भरवलं, तेच २००५ पासून फॉस डॉट इन झालं. २०१३ साली ते गेले. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं लिनक्स त्या मासिकाच्या सीडीवरून बसलेलं आहे, मग त्यांना हे नाव ठाऊक असो वा नसो.

त्या सीडीची खरी खुबी तिच्या परवान्यात होती. ती मित्राला देणं, तिची प्रत काढणं, दहा यंत्रांवर बसवणं, सगळं कायदेशीर. एक अंक विकत घ्यायचा आणि अख्ख्या होस्टेलने वापरायचा. आमच्या गावाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. एकाने घेतलेलं पुस्तक शंभर जणांनी वाचावं, हा व्यवहार इथे लिनक्सच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं चालू होता.

आता यातून आलेला सल्ला बघा. "कोणतं लिनक्स घेऊ?" या प्रश्नाला तेव्हाचं उत्तर होतं, "जे मिळेल ते." आज शेकडो पर्याय आहेत आणि नवखा माणूस त्यांची तुलना वाचण्यातच पंधरा दिवस घालवतो. माझं मत विचाराल तर ते जुनं उत्तर किंचित बदलून आजही लागू आहे. तुमच्या ओळखीत, फोन केला तर उचलेल असा जो माणूस आहे, तो जे वापरतो ते घ्या. असा कुणीच नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या आणि पुढे चला. आईबाबांच्या यंत्रावर तर तुम्ही स्वतः वापरता तेच घाला, म्हणजे फोनवर "आता डावीकडे खाली काय दिसतंय?" हे विचारताना तुमच्यासमोरही तेच असेल.

सोबत एक पुरवणी. "लिनक्स कसल्याही जुन्या डबड्यावर चालतं" हा दावा आता जपून घ्यायचा. ३२-बिट यंत्रांना बहुतेकांनी रामराम ठोकला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिला नाही. यंत्र ६४-बिट हवं, आणि रॅम निदान ४ जीबी. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून छोटी एसएसडी टाका. लिनक्सने जो फरक पडेल त्याहून जास्त फरक त्या एसएसडीने पडेल, हे लिनक्सवाल्यानेच सांगितलेलं बरं.

पार्टिशन नावाचं प्रकरण

नवख्यांचे सर्वात जास्त घामाघूम व्हायचे क्षण इथलेच. १९९० च्या दशकातल्या सूचना वाचल्या तर आज हसू येतं. स्वॅप पार्टिशन रॅमच्या दुप्पट ठेवा. बूटसाठी वेगळं पार्टिशन करा आणि ते डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवा. मॉनिटरची माहिती नीट भरा, चुकीचे आकडे दिले तर मॉनिटर जळेल!

यातलं काहीही वेडेपणाचं नव्हतं. रॅम ८ मेगाबाइट असताना दुप्पट स्वॅप म्हणजे १६ मेगाबाइट, आणि ती खरोखर लागायची. डिस्कच्या सुरुवातीचा आग्रह लिलो नावाच्या बूट लोडरमुळे होता. बायॉसच्या जुन्या पद्धतीमुळे त्याला १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडे पोचता यायचं नाही, मग तिथे ठेवलेलं लिनक्स सुरूच व्हायचं नाही. साधारण २००० सालापासून ही अडचण सुटली. मॉनिटर काचेच्या नळीचे होते आणि त्यातले काही जुने मॉनिटर चुकीच्या वारंवारतेने खरंच बिघडू शकायचे. ही तिन्ही मांजरं आता मेली आहेत. आज इन्स्टॉलर स्वॅपचं स्वतः बघतो. १६ जीबी रॅमच्या यंत्रावर ३२ जीबी स्वॅप ठेवणारे लोक अजून भेटतात, त्यांना टोपली द्यावीशी वाटते.

पण एक मांजर जिवंत आहे. वीज.

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती, ती तुम्हाला आठवत असतील. त्याच्या आधीच्या काळात लिनक्सची फाइल सिस्टिम होती ईएक्सटी२. अचानक वीज गेली की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासली जायची, आणि तपासणी चालू असताना पुन्हा वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात. २००१ च्या शेवटी लिनक्सच्या गाभ्यात ईएक्सटी३ आली. ती प्रत्येक बदलाची आधी डायरीत नोंद करते, म्हणून वीज गेली तरी यंत्र काही सेकंदांत सावरतं. परदेशात या सुधारणेचं कौतुक सर्व्हरवाल्यांना जास्त होतं. कोकणात तिचा अर्थ फार घरगुती होता: दिवे आल्यावर चहा होईपर्यंत संगणक चालू.

आजची ईएक्सटी४ याच घराण्यातली आहे. मात्र फाइल सिस्टिम कितीही शहाणी असली तरी पार्टिशनचा आकार बदलत असताना वीज गेली, तर डायरीही वाचवू शकत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि बॅटरी भरूनच बसा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर दोन तासांसाठी कुणाकडून तरी आणा. आणि जूनच्या पहिल्या पावसात, विजा कडाडत असताना, हे काम काढू नका.

आधी विंडोज, मग लिनक्स

दोन्ही एकाच यंत्रावर ठेवायचं असेल तर आधी विंडोज बसवायचं, हा सल्ला सगळ्यात प्रसिद्ध. कारण सरळ होतं. बूट लोडरची जागा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, आणि विंडोज बसताना कुणालाही न विचारता ती जागा बळकवायचं. लिनक्स बिचारं आहे तिथेच असायचं, पण त्याच्याकडे जायचा रस्ताच बंद.

मग यूईएफआय आलं. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला आपापली पाटी लावायला वेगळी जागा मिळते, त्यामुळे भांडणं बरीच कमी झाली. तेवढ्यात २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं आणि नवा सल्ला निघाला, "सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर लिनक्स चढणार नाही." तेव्हा ते बऱ्याच ठिकाणी खरं होतं. आज उबुंटू आणि फेडोरा सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात, डेबियनही २०१९ पासून बसतं. तरी तो सल्ला फिरतोच आहे. आणि इथे मेलेलं मांजर उगाच शोधून आणण्याचा तोटासुद्धा आहे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायॉसमधल्या अशा बदलानंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं.

म्हणून आजचा क्रम असा. विंडोज ठेवायचं असेल तर कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा, आणि असेल तर की कागदावर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहायला गेलात तर गोंधळ होऊ शकतो. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं काम विंडोजमधूनच करा. शक्य असेल तर या सगळ्याऐवजी लिनक्सला सरळ दुसरी डिस्क द्या. आणि आईबाबांना विंडोजची गरजच उरली नसेल तर दोन्ही ठेवायचा अट्टाहास सोडा. दोन ऑपरेटिंग सिस्टिमचं यंत्र ही आपल्यासारख्यांची हौस आहे. रोज सकाळी "यातलं कुठलं निवडू?" हा प्रश्न त्यांच्यापुढे कशाला?

बसवण्याआधी बसून बघा

माझ्या मते नवख्यांवर सर्वात मोठे उपकार केले ते जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी. २००० साली त्यांनी नॉपिक्स आणलं. सीडी घालायची, यंत्र सुरू करायचं, आणि डिस्कला हातही न लावता अख्खं लिनक्स समोर. त्याआधी लिनक्स आवडतंय का हे कळायला आधी ते बसवावं लागायचं, म्हणजे लग्न झाल्यावर मुलगी बघायचा कार्यक्रम! सीडीवरून चालणारी लिनक्सं त्याआधीही होती, पण ही पद्धत घराघरांत नेली ती नॉपिक्सने. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू आलं, त्यांनी तर काही वर्षं मागेल त्याला पोस्टाने फुकट सीड्या पाठवल्या. २०११ मध्ये ती योजना बंद झाली.

आता सीडीच्या जागी पेन ड्राइव्ह आला, पण पद्धत तीच आणि सोनं आहे. नवखे लोक मात्र लाइव्ह लिनक्स सुरू झालं की वॉलपेपर बघतात, छान म्हणतात आणि लगेच इन्स्टॉलचं बटण दाबतात. थांबा. निदान एक संध्याकाळ त्यावर काढा. वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर छापतो का? लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का? व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालतो का? जुन्या काळी 'विनमोडेम' नावाचं दुखणं होतं. मोडेमचं निम्मं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर टाकलेलं असायचं, त्यामुळे तो लिनक्समध्ये नुसता शोभेचा. तसलेच नातेवाईक आज काही वायफाय चिप आणि प्रिंटरच्या रूपात भेटतात. ते डिस्क पुसण्याआधी भेटलेले बरे.

पेन ड्राइव्हवर घालायची फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि तिचा चेकसम ताडून बघा. हाही जुना सल्ला. सीडीच्या काळात कारण वेगळं होतं: डाउनलोड अर्धवट व्हायचं, सीडी नीट लिहिली जायची नाही. आता डाउनलोड सहसा बिघडत नाही, म्हणून लोक ही पायरी गाळतात. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट कुणीतरी फोडली आणि डाउनलोडचा दुवा बदलून त्याजागी चोरदरवाजा असलेली फाइल लावली. जुनं कारण गेलं, नवं त्याहून गंभीर आलं. हे मांजर मेलं नाही, त्याने फक्त रंग बदलला.

दर्या आणि दऱ्या

आता आपल्या भाषेचं. २००० च्या आसपास लिनक्सवर मराठी वाचणं हेच एक काम होतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांत मिसळतात, वेलांटी व्यंजनाच्या आधी उडी मारते. हे सगळं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. २००२ मध्ये रेड हॅट लिनक्स ८.० ने यूटीएफ-८ ही पद्धत सरसकट लागू केली. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली दिले. लोहित म्हणजे लाल, नाव त्यावरूनच. भारतीय भाषांचं त्यांचं बरंचसं काम पुण्यात चालायचं. पडद्यावरच्या मेनूंचं मराठीकरण मात्र मुख्यतः स्वयंसेवकांनी केलं, आपापल्या वेळात, एकेक वाक्य करत. त्याचं एक फळ मला फार आवडतं. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५.० चा इन्स्टॉलर मराठीतून प्रश्न विचारू लागला. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही यंत्राने विचारलं, की बाबा रे, तुझी डिस्क पुसू का?

तरी 'ऱ्य' ने बराच काळ छळलं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आमच्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे फरक महत्त्वाचा! काही फाँट दऱ्यांचा दर्या करायचे, आणि आचाऱ्यांना वाढलेलं आमंत्रण आचार्यांना जायचं. आज इन्स्क्रिप्ट कळफलकावर आधी ऱ, मग हलन्त, मग य टाइप केलं की काम होतं. लाइव्ह पेन ड्राइव्हवर ज्या संध्याकाळी वायफाय तपासाल, त्याच वेळी 'दऱ्या' लिहून बघा.

पण मराठी घरांपुढचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो परदेशी लोकांनी लिहिलेल्या कुठल्याच सूचनांत सापडत नाही. बाबांच्या त्या आठवणी जर श्री-लिपी, आकृती किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्या फायलीत मराठी अक्षरं नाहीतच. आत आहेत इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि तो विशिष्ट फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गेला, उरतं ते निव्वळ खडबडगुंडा. फायलींची बॅकअप प्रत घेतली, ती उघडतेही, पण वाचता येत नाही! तेव्हा विंडोज पुसायच्या आधी, सगळं जागेवर चालू असताना, अशा फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या. निदान प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा आणि जुने फाँट कॉपी करा. माणसाने चार वर्षं लिहिलेलं त्याच्या हयातीतच वाचता न येणं, हे कुठल्याही पार्टिशनच्या चुकीपेक्षा वाईट.

शेजारी बसणारा माणूस

लिनक्स अवघड आहे म्हणून लोक घेत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्यांच्या एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकावर हात ठेवायला शिकवलं. त्यात शिकवलं ते विंडोज आणि ऑफिस. एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण मायक्रोसॉफ्ट समजणारेही भरपूर होते :-) विंडोज काही जन्मजात सोपं नव्हतं. ते शिकवायला गल्लीत क्लास होता, इतकंच.

लिनक्सला तो क्लास नव्हता, म्हणून लिनक्सवाल्यांनी आपली सोय केली. मुंबई-पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुप निघाले. लोक आपापला संगणक उचलून एका खोलीत जमायचे आणि जाणता माणूस शेजारी बसून बसवून द्यायचा. छोट्या गावात ही सोय नव्हती. तिथे जाणता माणूस म्हणजे सुट्टीवर आलेला कुणाचा तरी भाऊ. तो बसवून जायचा, आणि तो गेल्यावर पहिलंच काहीतरी अडलं की दुकानदाराला बोलावून पुन्हा विंडोज. गावोगावची लिनक्सं बसताना पडली नाहीत, बसवल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पडली.

म्हणून नवख्यांसाठीच्या याद्यांत जे शेवटी असतं किंवा नसतंच, ते मी वर ठेवीन. ज्यांच्यासाठी बसवताय त्यांची चार रोजची कामं आधी विचारा. टॅलीवर धंद्याचा हिशोब असेल किंवा एखाद्या सरकारी संकेतस्थळासाठी डिजिटल सहीचं उपकरण लागत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त, नाहीतर विंडोजच राहू द्या. त्यात कमीपणा नाही. जालावरची कुठलीही आज्ञा, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणारी, अर्थ कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवायची नाही, हे त्यांना आणि स्वतःलाही बजावा. आणि पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतःहून फोन करा. "चाललंय ना नीट?" एवढंच. त्यांना अडचण असते, पण मुलाला कामात त्रास नको म्हणून सांगत नाहीत.

आणि बॅकअप. हे मांजर १९९६ मध्ये जिवंत होतं, आजही आहे, आणि आपल्या नातवंडांच्या खिरीतही तोंड घालणार आहे. बाहेरच्या डिस्कवर सगळी प्रत घ्या, त्यातले दहा-बारा फोटो आणि कागद *दुसऱ्या* यंत्रावर उघडून बघा, आणि बसवायला सुरुवात करण्याआधी ती डिस्क केबलसकट काढून कपाटात ठेवा. नुसती बाजूला नको. जोडलेली डिस्क इन्स्टॉलरच्या यादीत दिसते, आणि यादीत दिसलेलं काहीही चुकून निवडलं जाऊ शकतं.

बाकी सगळं जमतं. गणपतीला किंवा मे महिन्यात घरी जाल तेव्हा एक पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क बॅगेत टाका, आणि हे काम पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काढा. मधले चार-पाच दिवस आईबाबांना तुमच्या देखत ते वापरू द्या. परतीच्या तिकिटाच्या आदल्या रात्री लिनक्स बसवायला बसू नका. कोकण रेल्वेत एकदा गाडी बोगद्यांच्या रांगेत शिरली, की फोन लागत नाही.